स्थूल मुलें आणि घराचें कर्तव्य
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवीं पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करीत असतां, ज्यांच्या हातीं ती श्रद्धा सोंपवावयाची त्या मुलामुलींच्या शरीरप्रकृतीचाहि विचार होणें उचित आहे. म्हणून वाढत्या वयांतील अतिस्थूलतेविषयीं मी आज चार शब्द बोलणार आहें.

हा प्रश्न एकट्या आपल्या गांवाचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं ५ ते १९ वर्षांच्या वयाचीं ३९ कोटींहून अधिक मुलें प्रमाणाबाहेर वजनाचीं होतीं. त्यांपैकीं १६ कोटी अतिस्थूल होतीं. अशा मुलांना रक्तदाब, मधुमेह, यकृतांत चरबी सांचणें, असे विकार लहानपणींच जडण्याचा संभव अधिक असतो.

खादाडपणा हें सात मूळ पातकांपैकीं एक, असें आपण धर्मशिक्षणांत शिकलों. परंतु त्यावरून स्थूल मूल म्हणजे खादाड मूल, असा निवाडा करणें अन्यायाचें होय. शरीराची ठेवण पुष्कळ अंशीं आनुवंशिक असते. शिवाय चुलीवर काय शिजतें, फडताळांत काय असतें, मूल किती वाजतां निजतें, हें बहुतांशीं वडील माणसेंच ठरवितात. "जाड्या", "ढोली" अशा हांका मारल्यानें चरबी झडत नाहीं. मूल मात्र मैदानापासून दूर पळतें आणि चोरून खाऊं लागतें.

अमेरिकेंत लेनर्ड एप्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ६ ते १२ वर्षांच्या स्थूल मुलांवर उपचार करून दहा वर्षेंपर्यंत त्यांची पाहणी केली. तिचा वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध झाला. जेथें मूल व पालक या दोघांनींहि संवयी बदलण्याचा यत्न केला, तेथें मुलांचें जादा वजन सरासरीनें आरंभापेक्षां कमी राहिलें. जेथें तो भार एकट्या मुलावर होता, तेथें तें वाढलें. बोध स्पष्ट आहे: मुलापुरतें पथ्य नको, घराचा शिरस्ता बदलावयास हवा.

तो असा. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयांत बहुधा ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्याच्या जागीं पाणी किंवा ताक ठेवावें. सर्वांच्या ताटांत भाजी व डाळ सारखीच वाढावी. मुलानें रोज निदान एक तास खेळावें, चालावें अथवा सायकल चालवावी. रात्रीं वयाप्रमाणें पुरेशी झोंप व्हावी. मोबाइल निजण्याच्या खोलीबाहेर राहावा. मुलाची उंची वाढत असतां वजन आहे तेथेंच थांबलें, तरी पुष्कळदां तेंहि यशच असतें.

उपाशी ठेवणें मात्र सर्वथा वर्ज्य. धर्मसभेचा उपवासाचा नियमहि अठरा वर्षें पूर्ण झाल्यावरच लागू होतो. शिवाय उपवास ही आत्म्याची साधना आहे, वजन उतरविण्याची युक्ति नव्हे. जाहिरातींतील औषधेंहि आणूं नयेत. आधीं डॉक्टरांकडून तपासणी करवावी.

२०२४ सालीं अमेरिकेंतील रोगप्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञमंडळानें सहा वर्षें व त्यापुढील वयाच्या अतिस्थूल मुलांसाठीं वर्षभरांत निदान २६ तासांचें मार्गदर्शन सुचविलें. आठवड्यास एक तास धरला, तर अर्ध्या वर्षांत इतके तास भरतात. माझी नम्र सूचना अशी कीं, महोत्सवाचें स्मारक म्हणून आपल्या सभागृहांत असा वर्ग भरवावा. डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांनीं तो चालवावा, आईबापांनीं मुलांसह बसावें, आणि कोणाचेंहि वजन चारचौघांत वाचून दाखवूं नये.

संत पौलानें शरीराला पवित्र आत्म्याचें मंदिर म्हटलें आहे. आपल्या पूर्वजांनीं दगडाचें मंदिर उभें करतांना भार एकावर टाकला नाहीं. सर्वांनीं हात लाविला. आपल्या मुलांविषयींहि तसेंच व्हावें, आणि प्रभूनें आपल्या घरांना त्यासाठीं धीर व प्रीति द्यावी, हीच प्रार्थना.