गाडीचा मालक कोण?

(सैनिक कुटुंबांतील स्त्रियांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



बदली या विषयावर आपण जमलो की मुलांच्या शाळा, सामानाचे खोके, क्वार्टरची वाट पाहणं, सासरची ओढाताण हे सगळं निघतं. ते निघायलाच हवं. पण मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ती म्हणजे आपल्या दारात उभी असलेली स्कूटर किंवा मोटार, तिचा नंबर, तिचे कागद आणि आपलं लायसन्स. कुणाला वाटेल, हा काय बायकांच्या मेळाव्याचा विषय झाला? मला विचाराल तर हा बायकांचाच विषय आहे. कारण माणूस फील्डवर गेला की गाडी चालवते बाई, पेट्रोल भरते बाई, चौकात पोलिसाला तोंड देते बाई. कागदावर मात्र तिचं नाव कुठेच नसतं.

माझे यजमान पायदळात होते. आम्ही सातारा जिल्ह्यातले. बेळगाव, जबलपूर, पठाणकोट, पुणे असं आमचं बिऱ्हाड फिरलं. आमच्याबरोबर एक स्कूटरही फिरली. तिचा नंबर एमएच-११. साताऱ्यात तिच्याकडे कुणी वळून पाहत नसे. राज्याची हद्द ओलांडली की तीच स्कूटर परकी व्हायची. छावण्या गावाबाहेर असतात. बाजार लांब, दवाखाना लांब, मुलांच्या शिकवण्या लांब. तिथं स्कूटर ही चैन नसते. ती नसेल तर बाई चार भिंतींत अडकते आणि दर कामासाठी कुणाच्या तरी नवऱ्याला विनंती करत बसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ४७ प्रमाणे, एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. कलम ४९ प्रमाणे मालकाचा पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवावं लागतं. दुसऱ्या राज्यात नंबर घ्यायचा तर आधी जुन्या कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो, त्यासाठी फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. मग नव्या ठिकाणी फॉर्म २७. मग नव्या राज्याचा रोड टॅक्स. वाहनावरचा कर हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचा दर वेगळा. आपण एका राज्यात पंधरा वर्षांचा कर एकदम भरलेला असतो. दुसऱ्या राज्यात उरलेल्या वर्षांचा पुन्हा भरायचा आणि पहिल्या राज्याकडे परतावा मागायचा. तो मागायचा कुठं? जिथून आपण हजार मैल दूर आलो, त्या कार्यालयात. दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदली आणि पुन्हा हेच चक्र.

यातली गंमत बघा. सैन्याच्या स्वतःच्या गाड्यांवर बाणाची खूण असलेला नंबर असतो. कलम ६० प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंदणी निराळी होते. ती गाडी काश्मीरला जावो की कन्याकुमारीला, तिला कुणी नवा नंबर मागत नाही. सरकारला आपल्या गाडीची अडचण बरोबर कळली होती. जवानाच्या घरच्या गाडीची अडचण कळायला २०२१ साल उजाडावं लागलं.

हे सगळे फॉर्म भरायचे कुणी? नियमाप्रमाणे मालकाने. आणि मालक असतो बर्फात. आमच्याच राज्यातल्या एका कार्यालयात मी पत्ता बदलायचा अर्ज घेऊन गेले होते. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद पाहिले आणि विचारलं, "बाई, मालक कुठं आहेत?" आपल्या भाषेत मालक म्हणजे गाडीचा धनी, आणि मालक म्हणजे नवरासुद्धा! मी म्हटलं, "सीमेवर आहेत." ते म्हणाले, "मग ते आल्यावर या." स्कूटर मी चालवत होते. तिच्या हप्त्यात माझ्या शिवणकामाचे पैसे होते. पण दोन्ही अर्थांनी मालक मी नव्हते. पुढे यजमानांनी सही केलेले फॉर्म आणि अधिकारपत्र टपालाने मागवले, तेव्हा काम झालं. त्यात दीड महिना गेला.

म्हणून पहिला प्रश्न नावाचा. गाडी कुणाच्या नावावर घ्यायची? आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं. कर्ज त्यांच्या पगारावर, म्हणून गाडी त्यांच्या नावावर. कॅन्टीनमधून घेतली तर कार्ड त्यांचं, म्हणून बिल त्यांच्या नावानं. आणि आता त्यात तिसरं कारण आलं आहे, ते म्हणजे बीएच नंबर.

बीएच म्हणजे भारत मालिका. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम काढला आणि तो १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला. संरक्षण दलातले लोक, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी यांना आपल्या खाजगी गाडीसाठी हा नंबर मागता येतो. हा नंबर असला की दुसऱ्या राज्यात गेल्यावर नवा नंबर घ्यायला नको. कर एकदम पंधरा वर्षांचा नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा. दर ठरवून दिले ते असे : दहा लाखांपर्यंतच्या गाडीला आठ टक्के, दहा ते वीस लाखांच्या गाडीला दहा टक्के, त्यावर बारा टक्के; डिझेलला दोन टक्के जास्त आणि विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. डिसेंबर २०२२ मध्ये नियम आणखी सुधारले. आधीपासून साध्या नंबरवर असलेली गाडीसुद्धा कर भरून बीएचमध्ये घेता येऊ लागली, आणि अर्ज राहत्या जागी किंवा नोकरीच्या जागी, कुठूनही करता येऊ लागला.

ही सोय चांगली आहे, यात वाद नाही. जिला घ्यायची तिने जरूर घ्यावी. पण नियम नीट वाचा. तो पाहतो मालकाच्या नोकरीकडे. नोकरीचं ओळखपत्र मालकाचं हवं. म्हणजे गाडी जवानाच्या नावावर असेल तर बीएच. तीच गाडी त्याच्या बायकोच्या नावावर असेल, आणि ती बाई स्वतः अशा नोकरीत नसेल, तर बीएच नाही. बदली दोघांची होते, बिऱ्हाड दोघांचं हलतं, सवलत मात्र एकाच्या नावाला. शिवणकाम करून, शिकवण्या घेऊन, लहानशा शाळेत शिकवून एखादीने स्वतःच्या पैशाने स्कूटर घेतली, तर तिने दर राज्यात नव्याने नंबर घ्यावा आणि नव्याने कर भरावा. नाहीतर गाडी नवऱ्याच्या नावावर करावी. बाईच्या नावावरची वस्तू नवऱ्याच्या नावावर जावी असं कुणी कायद्यात लिहिलेलं नाही. पण वाट अशी आखली आहे की पाणी तिकडेच वाहावं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत सैनिकाची कुठेही बदली झाली तरी त्याला आपल्या मूळ राज्याचा रहिवासी राहता येत असे आणि त्याच्या गाडीवर नव्या राज्याचा मालमत्ता कर बसत नसे. बायकोला हे संरक्षण नव्हतं. मग कर वाचवायला घरं गाडी सैनिकाच्याच नावावर ठेवत. २००९ साली तिथे सैनिकांच्या जोडीदारांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात, जोडीदाराबरोबर राहण्यासाठी राज्य सोडलं म्हणून पत्नीचा मूळ रहिवास जाणार नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. तिथला समाज आपल्यापेक्षा फार शहाणा आहे म्हणून मी हे सांगत नाही. तिथल्या सैनिक-पत्नींनी मागणी लावून धरली आणि कायद्यात पत्नीचं नाव आलं, एवढंच मला सांगायचं आहे.

आता लायसन्सचं. इथे मात्र कायदा आपल्या बाजूचा आहे आणि पुष्कळ जणींना ते माहीत नसतं. कलम १३ प्रमाणे भारतात काढलेलं लायसन्स सगळ्या देशात चालतं. शिकाऊसुद्धा. बदली झाली म्हणून नवं लायसन्स काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राहत्या राज्यातल्या कुठल्याही परिवहन कार्यालयात लायसन्ससाठी अर्ज करता येतो. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरण मागता येतं. मात्र मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवू नका. एक वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. बदलीच्या धांदलीत ही तारीख हमखास विसरते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अडचण येते ती लायसन्स नव्याने काढताना. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्यासाठी अर्ज करता येत नाही. मधेच बदलीचा हुकूम आला की सगळं लोंबकळतं. त्यात पत्त्याचा पुरावा. सरकारी पगाराची स्लिप चालते, पण ती नवऱ्याच्या नावाची. क्वार्टर नवऱ्याच्या नावानं. मतदार यादीत नाव माहेरी किंवा सासरी. बाई सध्या जिथे राहते तिथे ती राहते, हे सिद्ध करायला तिच्या स्वतःच्या नावाचा कागद नसतो. म्हणून बदलीच्या गावी पोचल्यावर आधी आधार कार्डावरचा पत्ता बदलून घ्या. पासपोर्ट काढलेला असेल तर उत्तम. त्याचा उपयोग फक्त परदेशी जायला नसतो.

आता जरा जड बोलते. आपल्या घरांत हा विषय काढत नाहीत, पण काढला पाहिजे. मालक गेला तर गाडीचं काय?

आमच्या केंद्रात नवरा गमावलेल्या बाया येतात. पेन्शनच्या कागदांत सगळे मदत करतात. दारातली गाडी कुणाला आठवत नाही. दोन-तीन महिन्यांनी दीर म्हणतो, वहिनी, तुम्हाला कशाला ती, मी नेतो. आणि चावी जाते. नियम असा आहे : मालकाचा मृत्यू झाला तर गाडी जिच्या ताब्यात येते तिने तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. २०२१ च्या एप्रिलअखेर नियमात आणखी एक सुधारणा झाली. नोंदणी पुस्तकातच वारसदार म्हणून एखाद्याचं नाव लावता येतं. नवी गाडी घेताना लावता येतं आणि जुन्या गाडीला मागाहूनही लावता येतं. घटस्फोट किंवा मालमत्तेची वाटणी अशा वेळी ते बदलताही येतं. दहा मिनिटांचं काम आहे. यात अशुभ काही नाही. विमा काढताना आपण नाव लावतोच ना? मात्र बीएच नंबरची गाडी नोकरीत नसलेल्या पत्नीच्या नावावर आली की तिथे राज्याच्या साध्या नंबरचा आणि कराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुःखात असलेल्या बाईला ही रांग का लावावी, हे मी विचारते आहे.

आणि विधवाच कशाला? नवऱ्याने सोडलेल्या, मारहाणीमुळे क्वार्टर सोडून निघालेल्या बायाही आपल्यात आहेत. त्यांनी वर्षानुवर्षं चालवलेली गाडी एका दिवसात 'त्यांची' होते. म्हणून नाव महत्त्वाचं.

आता सैन्यात स्त्रिया आहेत. १९९२ पासून वैद्यकीय सेवांबाहेरही अधिकारी म्हणून येऊ लागल्या, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पर्मनंट कमिशनचा हक्क दिला. त्या स्वतःच्या नावावर बीएच नंबर घेतील. मग त्यांच्या नवऱ्यांनाही आपल्यासारखाच प्रश्न पडेल. तेव्हा कदाचित तो लवकर सुटेल! पण आपण तेवढं थांबायचं नाही.

घरी जाऊन करायची कामं सांगते. गाडीचं नोंदणी पुस्तक उघडून त्यावरचं नाव वाचा. वारसदाराचं नाव लावलेलं नसेल तर यजमान पुढच्या रजेवर येतील तेव्हा लावून घ्या. त्याच वेळी सही केलेलं अधिकारपत्र घरात ठेवा. लायसन्स नसेल तर काढा, गाडी नसली तरी काढा. कागद डिजिलॉकरमध्ये ठेवा, २०१८ पासून मोबाइलवरचे कागद दाखवले तरी चालतात. ना हरकत दाखल्याचा अर्ज दिला की पोच घ्या. तीस दिवसांत नकार कळवला नाही तर दाखला दिला असंच कलम ४८ मानतं. हे त्या खिडकीत ठामपणे सांगता आलं पाहिजे.

आणि एकत्र मिळून करायचं काम एक आहे. बदली होणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या किंवा पतीच्या नावावरच्या गाडीलाही बीएच नंबर मिळावा, आणि मालकाच्या मृत्यूनंतर तो नंबर जोडीदाराकडे जसाच्या तसा चालू राहावा, असं निवेदन परिवहन मंत्रालयाला द्यायचं आहे. मसुदा दाराशी टेबलावर ठेवला आहे. सही करताना नवऱ्याचा नंबर आणि रँक लिहू नका. स्वतःचं पूर्ण नाव लिहा.