वाड्याचा चौक
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, जुन्या वाड्यांवर बोला." मी बँकेतला माणूस, आर्किटेक्ट नव्हे, पण पहिली सव्वीस वर्षं सदाशिव पेठेत वाड्यात काढली, एवढाच माझा अधिकार.

वाडा चौरस फुटांत नव्हे, खणांत मोजायचा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. घडीव दगडाचं जोतं, त्यावर तळखडे, मग सागवानी खांब, वर तुळया. बरंचसं ओझं या लाकडी सांगाड्यावर. भिंती विटांच्या नाहीतर पांढऱ्या मातीच्या. म्हणून तर १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे मजले गेले, जोती आणि तट तेवढे उरले. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी पेठांत शिरलं, तेव्हा मातीच्या भिंतींचे कित्येक वाडे बसले.

पण वाड्याचा जीव चौकात. रस्त्याकडे खिडक्या मोजक्या, दिंडीतून वाकून आत शिरायचं. उजेड, वारा, पाऊस तिन्ही वरून चौकात उतरायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा ओसरीवर झुळूक असायची. पंखा आमच्याकडे फार उशिरा आला! पापड, बारशी, भांडणं सगळं चौकातच. सकाळची संडासाची रांगही तिथेच, हे वाड्यांचे गोडवे गाणारे सोयीस्कर विसरतात.

ज्या मुलांनी वाडा पाहिलाच नाही, त्यांनी बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा पाहावा. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ च्या सुमारास बांधलेला. १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे नगरपालिकेची कचेरीही होती. लोक दर्शनी सज्जाचं कोरीवकाम बघतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही आत जा, चौकात उभे राहा आणि वर बघा.

आता आपलं. दोन विंगांमधली मोकळी जागा हा आपला चौकच. तिथे पत्र्याची शेड घालून अठरा गाड्या लावायचा प्रस्ताव येतोय. पार्किंगची अडचण खरी आहे, माझ्या मुलाची गाडीही गेटबाहेरच असते. पण तळमजल्यावरच्या चार बिऱ्हाडांना उजेड आणि वारा तिथूनच मिळतो. मी विरोधात मत देणार. तुम्ही मत द्यायच्या आधी एकदा दुपारी तीन वाजता त्यांच्यापैकी कुणाकडे चहाला जा, दिवा न लावता बसा आणि मग सभेत हात वर करा.