कर शून्य, दंड पाच हजार

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. ‘मारहाण, पोटगी, रेशन सोडून आता प्राप्तिकर?’ असं एकीने विचारलंही. तिचा प्रश्न रास्त आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मीही कौटुंबिक कायदे शिकले, पण स्वतःचं विवरणपत्र कसं भरायचं हे मला कुणी शिकवलं नाही. ते शिकवलं सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईने.

ही बाई शिक्षिका होती. २०२४ च्या जूनमध्ये तिने घर सोडलं. कपडे, मुलीची पुस्तकं, दागिन्यांची पावती, सगळं आठवणीने आणलं. नोव्हेंबरमध्ये भाड्याच्या खोलीसाठी कर्ज काढायला गेली तेव्हा बँकेने विवरणपत्रं मागितली. आजवर ती दीर भरायचा. पासवर्ड त्याच्याकडे आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर. त्या वर्षीचं विवरणपत्र कुणी भरलंच नव्हतं. तिचं एकूण उत्पन्न सहा लाख वीस हजार. नव्या करप्रणालीत तेव्हा सात लाखांपर्यंत सवलत होती, म्हणून कर शून्य. तरीही मुदत उलटल्याबद्दल तिला ५,००० रुपये भरावे लागले. ती म्हणाली, “ताई, कर नाही तर दंड कशाचा?”

हा घोळ पुष्कळांच्या डोक्यात असतो, म्हणून आधी तोच सोडवू. ‘कर लागत नाही’ आणि ‘विवरणपत्र भरावं लागत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करमुक्त मर्यादा निराळी, सवलत निराळी. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत करमुक्त मर्यादा ४ लाख आहे. त्याच्या वर उत्पन्न गेलं की विवरणपत्र भरणं आलं. १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होऊ शकतो, पण ती सवलत विवरणपत्रातूनच मिळते. शिवाय उत्पन्न मर्यादेच्या आत असलं, तरी वर्षात २५,००० रुपयांहून जास्त कर कापला गेला असेल, किंवा परदेश प्रवासावर २ लाखांहून अधिक खर्च केला असेल, तर विवरणपत्र भरावंच लागतं.

आता उशिराची किंमत. पगार, निवृत्तिवेतन, व्याज असं उत्पन्न असलेल्यांना मुदत साधारणपणे ३१ जुलै. सरकार कधीकधी ती वाढवतं. २०२५ मध्ये १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. त्या भरवशावर मात्र राहू नका. मुदत चुकली, तर उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये, त्याहून जास्त असल्यास ५,००० रुपये विलंब शुल्क. आपण त्याला दंड म्हणतो, कायदा शुल्क म्हणतो, पैसे तेच. ही तरतूद २०१७ च्या वित्त कायद्याने आली. एक दिवस उशीर झाला काय आणि चार महिने झाला काय, शुल्क तितकंच.

कर बाकी असेल तर त्यावर दरमहा १ टक्का व्याज लागतं, आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरतात. समजा ३१ जुलैची मुदत होती, ८,००० रुपये बाकी आहेत आणि तुम्ही १० ऑक्टोबरला भरता. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन महिने, म्हणजे २४० रुपये. हे शुल्काशिवाय वेगळं.

दुसराही तोटा आहे. पगारदार बाईला घरभाडं, विमा, भविष्य निर्वाह निधी यांच्या वजावटीसाठी जुनी करप्रणाली फायद्याची असेल, तर ती मुदतीतच निवडावी लागते. उशीर झाला की नवीच प्रणाली लागू होते. हा फटका कधीकधी शुल्काहून मोठा बसतो.

मुदत गेली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं विवरणपत्र भरता येतं. त्यानंतरही ‘सुधारित-अद्ययावत’ विवरणपत्राची सोय २०२२ पासून आहे आणि २०२५ पासून ती चार वर्षांपर्यंत वाढवली आहे. पण त्यात जादा कर पडतो, पहिल्या वर्षी २५ टक्के आणि चौथ्या वर्षी ७० टक्के. आणि मुख्य म्हणजे त्यातून परतावा मागता येत नाही.

हा मुद्दा आपल्या कार्यकर्त्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी प्रकल्पावर मानधनाने काम करतात. संस्था त्याला ‘सल्लागार शुल्क’ म्हणते आणि १० टक्के कर कापते. वर्षाचं मानधन तीन लाख असेल तर ३०,००० रुपये कापले जातात, आणि कर तर लागतच नाही. ते पैसे आपले आहेत. पण विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. ३१ डिसेंबर गेला की प्राप्तिकर आयुक्तांकडे विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, उशिराचं खरं कारण द्यावं लागतं. दोन महिन्यांचं घरभाडं आपण असं सोडून देतो.

आता माझी स्वतःची चूक सांगते. २०२३ साली मी २९ जुलैला ऑनलाइन विवरणपत्र भरलं आणि निवांत झाले. ऑक्टोबरमध्ये परतावा का आला नाही म्हणून बघते तो काय, पडताळणीच केली नव्हती! भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी करावी लागते. आधार ओटीपीने, नेटबँकिंगने, नाहीतर सही केलेली पोचपावती बंगळुरूच्या केंद्राला पोस्टाने पाठवून. ती मुदत चुकली की पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख मानतात. दोन दिवस आधी भरूनही मी १,००० रुपये घालवले. पत्र टाकलं, पण तिकीट लावलं नाही, तशी गत.

तेव्हा वेळेवर भरायचं तर तयारी जुलैच्या आधीच करावी लागते.

पहिलं काम मोबाइल नंबरचं. तुमच्या आधारला आणि प्राप्तिकराच्या खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे? नवऱ्याचा, भावाचा असेल तर आधार केंद्रात स्वतः जाऊन बदला. नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, तुमचा अंगठा पुरतो. मग पासवर्ड आधार ओटीपीने नव्याने घेता येतो. कुणाकडे मागायला जावं लागत नाही.

दुसरं, नावाचं. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, अशी फाटाफूट असली की दोन्हींची जोडणी अडते. जोडणी नसलेली पॅन कार्डं १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरली जाऊ लागली. अशा पॅनवर परतावा अडकतो आणि करही जास्त दराने कापतात. नाव कोणतं ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण दोन्हीकडे एकच ठेवा. पॅन कार्डावर लग्न झालेल्या बाईच्याही नवऱ्याचं नाव नसतं आणि आडनाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. तो क्रमांक जन्मभर तुमचा.

तिसरं, शेताचा सातबारा पाहतो तसा आपल्या नावावर कापलेल्या कराचा आणि व्यवहारांचा उतारा पोर्टलवर पाहा. तुमच्या नावाने कुणी ठेवी ठेवल्या, जमीन घेतली, धंदा दाखवला, ते तिथे दिसतं. ‘सही कर इथे’ म्हणून केलेल्या सह्यांचा हिशोबच तो. विवरणपत्राखाली जबाबदारी तुमची असते, भरून देणाऱ्याची नाही.

चौथं, परताव्यासाठी तुमच्याच नावाचं, पॅनशी जोडलेलं बँक खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवा. परताव्याच्या नावाने मोबाइलवर आलेल्या कुठल्याही दुव्यावर बोट ठेवू नका. सरकारी पोर्टलवर विवरणपत्र भरायला फी नाही.

मला हे सांगावंसं वाटतं ते केवळ हजार-पाच हजारांसाठी नाही. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं सांगितलं. त्यात विवरणपत्रं येतात. जिने स्वतःचं विवरणपत्र कधी उघडून पाहिलं नाही, तिच्या नावावर काय लिहिलं आहे हे तिला कोर्टातच पहिल्यांदा कळतं.

त्या शिक्षिकेने ५,००० रुपये भरले, नंबर बदलला आणि पुढच्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत स्वतः भरलं. दुसऱ्या दिवशी केंद्रात येऊन तिने मला पोचपावती दाखवली. म्हणाली, “पहिल्यांदाच ओटीपी माझ्या हातात वाजला.”

जूनच्या मध्यापर्यंत कर कापल्याचे दाखले मिळतात. तेव्हा जुलैच्या पहिल्या शनिवारी आपापल्या गटात बसा. प्रत्येकीने आपला फोन आणावा, पासवर्ड स्वतःच टाकावा. शेजारणीलाही सांगू नये, मलाही नाही. आणि पडताळणी झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.