भाताच्या मुलखातील मधुमेह : ताट बदलावे, खर्च वाढू नये

(जागतिक मधुमेह दिनानिमित्त वैभववाडी येथे भरलेल्या रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातर्फे केलेले भाषण)



इन्सुलिनच्या शोधात अग्रभागी असलेले डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा १४ नोव्हेंबर हा जन्मदिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. इन्सुलिन १९२२ साली प्रथम रुग्णाला दिले गेले. त्यापूर्वी या रोगावर वैद्यांच्या हाती आहाराखेरीज फारसे काही नव्हते. आज औषधे पुष्कळ आहेत, त्यांतील कित्येक स्वस्तही आहेत. तथापि आहाराचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही. म्हणूनच आज औषधांविषयी न बोलता आपल्या चुलीविषयी आणि महिन्याच्या किराणा यादीविषयी बोलावे, असे आम्ही ठरविले.

आम्ही रुग्णाला ‘भात कमी करा’ असे सांगतो, तेव्हा तो मान डोलावतो, पण त्याच्याबरोबर आलेली माउली विचारते, “मग वाढू काय?” हा प्रश्न अत्यंत रास्त आहे. वर्तमानपत्रांतून कर्बोदके कमी करण्याचे जे आहार सुचविले जातात, त्यांत बदाम, पनीर, चीज, परदेशी भाज्या यांची रेलचेल असते. रोजंदारीवर अथवा मुंबईहून येणाऱ्या पैशांवर चालणाऱ्या घराला ती यादी निरुपयोगी आहे. आणि ‘परवडत नाही’ म्हणून आहाराचा विचारच सोडून दिला, तर त्याची किंमत पुढे डोळ्यांनी, मूत्रपिंडांनी आणि पावलांनी मोजावी लागते.

रोग श्रीमंतांचा राहिला नाही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. अंगाने सडपातळ असलेला शेतकरी ‘मला कसली साखर?’ असे म्हणतो, त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने हलकी जन्मतात. मात्र त्या हलक्या देहातही स्नायूंच्या मानाने चरबीचे प्रमाण अधिक असते, असे त्यांना आढळले. वरून बारीक दिसणारा देह आतून तसा असेलच असे नाही.

आपल्या तालुक्याची परिस्थिती पाहू. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश. करूळ आणि भुईबावडा घाट उतरले की भाताची खाचरे लागतात. एके काळी वरकस उतारावर नाचणी आणि वरी होत असे. भाताच्या कापणीनंतर कुळीथ होई. हाताने कांडलेला तांदूळ जपून वापरला जाई, आणि तो खाणारा माणूस दिवसभर नांगरणी, लावणी, लाकूडफाटा यांत राबत असे. आज गिरणीत पांढरा शुभ्र केलेला तांदूळ मुबलक आहे, आणि श्रम मात्र पुष्कळ घटले आहेत. ताटातला भाताचा ढीग तेवढाच राहिला. तो जिरविणारे कष्ट राहिले नाहीत.

फुकट तांदळाचा हिशेब

अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याअन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाते. उपासमारीविरुद्धचा हा मोठाच आधार आहे आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. परंतु मधुमेही रुग्णाच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. तो सर्व तांदूळ असेल, तर त्यातूनच सुमारे १३० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. घरचे भात, चहातली साखर, बिस्किटे ही त्यावर वेगळी. तांदूळ फुकट आणि डाळ, अंडी, मासळी मात्र रोख पैशांची. मग गरिबाचे ताट पांढरे होत गेले तर नवल ते काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक धान्यांतून येऊ नयेत, असे सांगितले आहे. आमचा आग्रहही एवढाच आहे. भात संपूर्ण वर्ज्य करा, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. ते या मातीत टिकणारे नाही आणि बहुतेकांना आवश्यकही नाही. रुग्णाच्या ताटातील भात-भाकरी एक तृतीयांशाने कमी व्हावी आणि ती जागा प्रथिनांनी व भाजीने भरावी, इतके साधले तरी पुष्कळ आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तांदळाऐवजी नाचणी किंवा गव्हाची पोळी खाल्ली म्हणजे पथ्य झाले, असे अनेकांना वाटते. नाचणीत चुना भरपूर असतो, चोथाही असतो. ती उत्तम धान्य आहे. पण तिच्यातही शंभर ग्रॅममागे सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. एकूण प्रमाण कमी न करता केवळ धान्य बदलल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाही, असे देशव्यापी पाहणीच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातही आढळले. दोन भाकऱ्यांच्या जागी दोन भाकऱ्याच राहिल्या, तर पिठाचा रंग पाहून साखर उतरत नाही.

रुपयाला किती प्रथिने?

बाजारात जाताना किलोचा भाव विचारण्याबरोबरच रुपयाला किती प्रथिने मिळतात, हा हिशेब करावा. समजा, कुळीथ १०० रुपये किलो आहेत. किलोभर कुळिथात सुमारे २२० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे रुपयाला दोन ग्रॅमांहून अधिक. शेंगदाणे १४० रुपये किलो धरले तर रुपयाला पावणेदोन ग्रॅम. अंडे सात रुपयांना धरले तर रुपयाला एक ग्रॅमाच्या आसपास. दूध ६० रुपये लिटर धरले तर अर्धा ग्रॅम. भाव बदलतील, तेव्हा आपण आपल्या दुकानातला भाव घालून हा हिशेब पुन्हा करावा. अंडे व दूध यांतील प्रथिने अधिक सकस असतात, हे खरे. तरीही कुळिथाचा क्रमांक सहसा वरच राहील. ज्या धान्याला आपण गरिबाचे म्हणून बाजूला सारले, तेच आज गरिबाच्या कामी येणार आहे.

मात्र कुळिथाची पिठी आपण करतो ती पातळ. माणशी मूठभर पीठ आणि तिच्याखाली भाताचा डोंगर. हे प्रमाण उलटे करावे. पिठी दाट करावी आणि भात एक वाटी घ्यावा. मोड आणून कुळिथाची उसळ केली तर अधिकच चांगले. साठ ग्रॅम तांदळाऐवजी साठ ग्रॅम कुळीथ खाल्ले, तर कर्बोदके सुमारे ४७ ग्रॅमांवरून ३४ ग्रॅमांवर येतात आणि प्रथिने जवळजवळ तिप्पट होतात. पण कुळीथ भाताच्या *जागी* यावेत. भाताच्या *जोडीला* आले तर लाभ हातचा जाईल. काळे वाटाणे, चवळी, मूग यांनाही हाच न्याय लागू आहे.

भाजीसाठी तर पैसा मोजण्याचेही कारण नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू रानात आणि परसात उगवते. गोकुळाष्टमीला आपण शेगलाची भाजी करतो. शेवग्याचा तो पाला झाड हिरवे असेपर्यंत केव्हाही काढता येतो. वाडीत लाल माठ, पडवळ, दोडका, तवसे सहज होतात. कोवळ्या फणसाच्या कुयरीची भाजी खुशाल खावी. पिकलेले गरे मात्र मोजून, दोन-चारच. जेवताना आधी भाजी, मग उसळ किंवा मासळी आणि शेवटी भात असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

आपला तालुका किनाऱ्यावरचा नसला तरी देवगड-मालवणची मासळी येथवर येते. बांगडा, तारली यांसारखी स्वस्त मासळी सुरमई-पापलेटाहून पोषणात उणी नाही. मासळीत कर्बोदके जवळजवळ नसतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट, जवळा, सुका बांगडा हे उपयोगी पडतात. पण ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी सुकी मासळी पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मगच वापरावी आणि बेतानेच खावी.

पैसा आणावा कोठून?

फुकट तांदूळ कमी खाल्ल्याने खिशात काही शिल्लक पडत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून पैसा दुसरीकडून वळवावा लागेल. घरात रोज दहा रुपयांचा बिस्किटपुडा लागत असेल, तर महिन्याचे ३०० रुपये झाले. आपल्या वरच्या हिशेबाने त्यात तीन किलो कुळीथ येतात, म्हणजे रोजचे १०० ग्रॅम आणि त्यातून २२ ग्रॅम प्रथिने. दिवसातून चार वेळा, दोन-दोन चमचे साखर घालून चहा घेणारा माणूस महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर एकटा खातो. ‘शुगर फ्री’ बिस्किटे, मधुमेहींसाठी म्हणून विकली जाणारी महागडी चूर्णे आणि डबे यांची तर मुळीच गरज नाही. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून येणाऱ्या लेकरांनी आई-वडिलांसाठी मिठाई व फरसाणाऐवजी शेंगदाणे आणि डाळी आणाव्यात, अशी आमची विनंती आहे.

सावधगिरी

काही रुग्णांनी हा बदल मनानेच करू नये. जे इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी एकाएकी भात कमी केला आणि औषध तेवढेच ठेवले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्या क्षणी साखर किंवा गूळ खावा. त्या वेळी पथ्य पाहू नये. डापाग्लिफ्लोझिन वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके फारच घटविल्यास रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंड दुबळे असल्यास प्रथिने किती घ्यावीत, हे डॉक्टरांनीच ठरवावे. गर्भवती, क्षयरोगी आणि वजन झपाट्याने घटणारे रुग्ण यांनी आधी आमच्याकडे यावे. औषधाची मात्रा बदलून देण्यास पाच मिनिटे लागतात. ती न बदलल्यास एका रात्रीत अनर्थ होतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलतो. घरातील पुरुषाला मधुमेह झाला की अंडे त्याला, मासळीचा मोठा तुकडा त्याला, आणि शेवटी जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला उरलेला भात व आमटीचे पाणी, असे घडू शकते. मग काही वर्षांनी तीच स्त्री आमच्या बाकावर येऊन बसेल. उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांमध्ये तीही असू शकते. आजाऱ्यासाठी वेगळे ताट करू नका. एकाच हांडीत सर्वांना पुरेल अशी उसळ शिजू द्या. ते स्वस्त पडते आणि सर्वांचेच भले होते.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या प्रकरणात निर्धन रुग्णासाठी दूरवर पायी चालण्याचा निराळा उपाय सांगितला आहे. रुग्णाची ऐपत पाहून उपचार ठरवावा, हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. धर्मादाय रुग्णालयाने तो विसरून चालणार नाही.

विनंती

देणगीदारांना आमचे नम्र सांगणे आहे. वाढदिवस अथवा स्मृतिदिनाच्या निमित्ताने आपण वॉर्डांतील रुग्णांना केळी व बिस्किटे वाटता, त्यामागील भाव आम्ही मस्तकी धरतो. यापुढे मधुमेही रुग्णांसाठी तोच खर्च कुळीथ, मूग, शेंगदाणे, अंडी यांवर व्हावा. रक्तातील साखर घरी तपासण्याच्या पट्ट्या गरीब रुग्णास पुरविणे हेही मोठे दान आहे. वेळेवर तपासलेला पाय वाचतो. कापलेला पाय कितीही मोठ्या देणगीने परत येत नाही.

कुटुंबीयांना एवढेच सांगतो : उद्यापासून एक वाटी मोजून भात, एक वाटी दाट पिठी किंवा उसळ आणि परसातली भाजी. तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी करू आणि काय साधले ते आपण मिळून पाहू.