चोडणचे कांदळवन पाहताना

(ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले, की काही मिनिटांत मांडवी ओलांडून आपण चोडण बेटावर उतरतो. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र अवघे १७८ हेक्टर असून १९८८ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नावात पक्षी असल्यामुळे येणारे बहुतेक लोक मान वर करून चालतात. माझी विनंती अशी, की प्रथम खाली पाहावे.

ओहोटीच्या वेळी चिखलातून पेन्सिलीएवढ्या असंख्य मुळ्या वर आलेल्या दिसतील. त्या तिवराच्या होत. पाण्याने घट्ट झालेल्या चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळ्या वर काढून श्वास घेते आणि अंगातले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाची तऱ्हा निराळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे होऊन खाली पडते. चिखलात रुतले तर तेथेच, नाही तर प्रवाहाबरोबर जाऊन दुसरीकडे मूळ धरते. मुळांमधून निवट्या उड्या मारतात, एक नांगी मोठी असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे असतात. पाणमांजराचे दर्शन मात्र नशिबाचा भाग.

शिक्षकबंधूंनी सहलीची वेळ ठरविण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. भरती दिवसाकाठी सामान्यतः दोनदा येते व रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. शाळेच्या घंटेशी तिचे काही नाते नाही. होडीने आत जायचे तर भरती हवी, चिखलातले जीव पाहायचे तर ओहोटी. स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

आता थोडे अवघड बोलतो. गोव्यातील खाजन शेती बांधावर उभी आहे. बांध फुटला व वेळेवर दुरुस्त झाला नाही, तर खारे पाणी शेतात शिरते, कोरगूट भातदेखील जगत नाही आणि काही वर्षांत तेथे तिवर उगवते. पाहुण्याला वाटते, वन वाढले. शेतकऱ्याला दिसते, आजोबांचे शेत गेले. दोघेही खरेच पाहत असतात. पूर्वी बांधांची देखभाल गावकरी संस्था करीत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कूळ संघांकडे आली. एकदा झाडे वाढली, की किनारा नियमन व वनविषयक नियम लागू होतात आणि मग कुऱ्हाड लावता येत नाही, लावूही नये. म्हणून भगदाड पडल्यावरचा पहिला कोरडा हंगाम निर्णायक असतो, असे माझे मत आहे. अर्ज टेबलावर पडून राहिला तर जमिनीचा निकाल चिखलच लावतो. याउलट, बांधाच्या बाहेर उभी असलेली तिवरांची रांग लाटांचा मार स्वतः सोसते. बांधाच्या आत भात, बाहेर वन, ही मांडणी शेतकऱ्याच्याही हिताची आहे.

तेव्हा मुलांना अभयारण्य दाखवून थेट फेरीबोटीकडे नेऊ नका. जवळच्या एखाद्या खाजनाचा मानसही दाखवा. भरतीच्या दाबाने त्याच्या फळ्या आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. ओहोटी लागतानाची वेळ साधावी. शेतातले पाणी नदीकडे धावू लागते, आणि त्यासोबत येणाऱ्या मासळीची वाट पाहत बगळे तोंडाशीच उभे असतात.