रक्तातील पूर्वसूचना

विषाणूजन्य न्यूमोनियाचा रुग्ण आज बोलता-चालता दिसतो आणि चार दिवसांत प्राणवायूवाचून तळमळू लागतो. हा धोका आधी ओळखता येईल काय? काही अंशी रक्तच त्याचे उत्तर देते.

‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ हे द्रव्य १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात आढळले. शरीरातील दाह वाढला की यकृत ते अधिक प्रमाणात निर्माण करते. २०२० मध्ये वुहान येथील दोन रुग्णालयांतील १९१ कोविड रुग्णांचा अभ्यास झाला. दाखल होतानाच ज्यांच्या रक्तात ‘डी-डायमर’ मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमहून अधिक होते, त्यांना मृत्यूचा धोका जास्त आढळला. रक्ताची गुठळी होऊन विरघळत असल्याची ती खूण होय. लिम्फोसाइट पेशींची घट हीही धोक्याचीच सूचना.

परंतु आकडा म्हणजे निदान नव्हे. गरोदरपणात व वार्धक्यातही डी-डायमर वाढते. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतील मृत्यू घटले. तो न लागणाऱ्यांना मात्र लाभ झाला नाही. म्हणून केवळ अहवाल वाचून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड घेऊ नये. अहवाल डॉक्टरांच्या हाती द्यावा आणि रुग्णाच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे.