द्राक्षांची निर्यात आणि माहितीची देवघेव

व्यापाऱ्याचें निम्में भांडवल त्याच्या गुपितांत असतें, अशी एक जुनी समजूत आहे. देशांतल्या बाजारांत ती कदाचित् खपेल; परंतु माल समुद्रापार जाऊं लागला म्हणजे ती किती महाग पडते, हें नाशिक-सांगलीकडील द्राक्षांच्या निर्यातीवरून दिसून येतें.

१९९१ मध्यें महाराष्ट्रांतील द्राक्ष-बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनीं एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही निर्यातसंस्था उभारली. माल थंड कसा राखावा, पेट्या कशा भराव्या, परदेशी गिऱ्हाइकास काय रुचतें, हें एकाचें ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगीं पडूं लागलें. पुढें २००३ मध्यें युरोपांत भारतीय द्राक्षांवर कीटकनाशकांचे अंश सांपडले. त्यानंतर निर्यातीची देखरेख करणाऱ्या ‘अपेडा’ या सरकारी संस्थेनें २००६ मध्यें ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू केली. नोंदलेल्या बागांस क्रमांक मिळाले, प्रयोगशाळांचे निकाल एके ठिकाणीं येऊं लागले आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढतां येऊं लागला.

तरीहि एक छिद्र राहून गेलें होतें, तें २०१० मध्यें उघडें पडलें. छाटणीनंतर वेलीची अवाजवी वाढ आंवरण्यासाठीं क्लोरमेक्वाट क्लोराइड हें द्रव्य फवारीत असत. युरोपांत त्याची मर्यादा किलोमागें अवघी ०.०५ मिलिग्रॅम होती. इकडील तपासणीच्या यादींत मात्र तें नव्हतेंच. खेपा अडकल्या, निर्यातदार बुडाले आणि बागाईतदारांचे पैसे थकले. बागेंत काय फवारतात हें एकास ठाऊक, परक्या बंदरांत काय तपासतात हें दुसऱ्यास. या दोन माहितींची गांठ वेळेवर पडली नाहीं. पुढें तें द्रव्य यादींत आलें, पण हंगाम गेला तो गेलाच.

परदेशचें गिऱ्हाईक बाग ओळखीत नाहीं, देश ओळखतें. म्हणून एकाच्या चुकीचा दंड निर्दोष शेजाऱ्यासहि भरावा लागतो. अर्थात् सारेंच उघड करावें असें नाहीं. आपला भाव व आपलें गिऱ्हाईक ज्याचें त्यानें राखावें. किंबहुना आपसांत भाव ठरवून घेणें ही माहितीची देवघेव नसून ग्राहकाची लूट होय. परंतु नवा नियम, घातक औषध, पैसे बुडविणारा आडत्या, यांची वार्ता प्रतिस्पर्ध्यासहि सांगणें हिताचें असतें. सांगणाऱ्याचा एखादा सौदा त्यामुळें हुकेल. पुढल्या हंगामाची बाजारपेठ मात्र त्याच्यासाठींहि शिल्लक राहील.